सोललेला चेंडू

स्प्लिट, २ जानेवारी

विंके,

काल वर्षाचा पहिला खेळ झाला. पाणी गार पण सपाट होतं, वारा नावालाही नव्हता. निम्मं गाव कोट-मफलर घालून किनाऱ्यावर उभं होतं, आम्ही चड्डीवर घोटाभर पाण्यात कशा उड्या मारतो ते बघायला. गोलात पाच लागतात आणि होतो चार. तुझी जागा समुद्राच्या बाजूची. तिथं कोणी नसल्यामुळे चेंडू जायचा आणि पाण्यात पडायचा. शिमे बार्बा दर वेळी ओरडायचा, "डॉक्टरीणबाईंनी सोडला." लोक हसायचे. तू ड्युटीवर आहेस असं मी त्याला सांगितलंय. या वयाच्या माणसाला, माझी मुलगी नाताळच्या दुसऱ्याच दिवशी सकाळची बस धरून झाग्रेबला निघून गेली, हे कशाला सांगू?

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितो. कागदावरचं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

झालं होतं काय, तर जेवताना मी टेबलाखालून तुझी पोटरी दाबून पाहिली आणि म्हणालो, स्नायू उतरलाय. उतरला होताच. तुझ्या पहिल्या वर्षी शरीररचनेचं पुस्तक तुझ्याबरोबर मीही वाचलंय. मनगटाची हाडं तुझ्याआधी मला पाठ झाली होती, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्न मीच विचारले होते, हे विसरू नकोस. तू म्हणालीस, "ताता, मी बोटीची मोटर नाही." मी म्हणालो, "मोटरीला निदान वेळच्या वेळी तेल घालतात." तुझी आई म्हणाली, "जाकशा, मासा खा." एवढ्यावर कोणी घर सोडून जातं का?

सोबत दोन वस्तू आहेत. एक, वर्तमानपत्रातलं कात्रण. रेसिडेंट डॉक्टरांना विचारून कोणीतरी अभ्यास केलाय: जे नियमित व्यायाम करतात ते कमी खचतात, कमी चिडतात, त्यांना झोप बरी लागते. मी हे कधीपासून सांगतोय, पण माझं कोणी छापत नाही. दुसरी वस्तू म्हणजे चेंडू. टेनिसचा आहे, आपल्या खेळासाठी सोलतो तशी वरची लोकर मी सोललीय. बाकीचे लोक भिजवून ओरबाडतात, मग रबरावर चरे पडतात. मी सुरीच्या टोकानं शिवणीपाशी सुरुवात करतो आणि अंगठ्यानं उलगडत नेतो, संत्र्यासारखं. हातात फिरवून बघ, कुठे खरखर लागणार नाही. खोलीतल्या भिंतीवर टाकायचा आणि उघड्या तळव्यानं परतवायचा. बोटं मिटायची नाहीत. धरून ठेवायचा नाही, आणि दाबायचा तर मुळीच नाही, त्यानं गोलाई जाते. सकाळी एकदा, ड्युटीवरून आल्यावर एकदा. खिडकी उघडी ठेवून.

ताता


स्प्लिट, १९ जानेवारी

विंके,

तुझा निरोप आईकडून पोचला. कात्रण वाचलंस हे बरं झालं. "त्याला सांग, व्यायाम करतात म्हणून ते बरे नाहीत. बरे आहेत म्हणून त्यांना व्यायाम जमतो." आईनं बेकरीतून आल्या आल्या, पायातले बूटही न काढता, हे तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "आता दे उत्तर."

मी उत्तर शोधत बसलो. मोटर गरम झाली की नीट चालते, पण आधी थोडी तरी चालल्याशिवाय ती गरम कशी होणार, इथवर आलो आणि अडलो. वाक्य हुशारीचं आहे. पण हुशारीच्या वाक्यानं पोटरी भरत नाही.

इथं आठवडाभर यूगो वाहतोय. भिंतींना घाम फुटलाय, दक्षिणेचा तो दमट वारा हाडात शिरलाय आणि माणसं एकमेकांच्या अंगावर येतायत. जुन्या काळी यूगो असताना न्यायाधीश निकाल देत नसत, पुढच्या तारखेवर ढकलत, असं शिमे बार्बा सांगतो. यूगोत माणसानं काही ठरवू नये. आधी मला वाटलं, तुलाही हाच वारा बाधला असेल. पण तो झाग्रेबपर्यंत पोचत नाही, हे मला माहीत आहे.

परवा तू आईशी बोलत होतीस तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून बोलत होती. आमच्या संसारात तिनं कधी नळ सोडून फोन केलेला नाही. ती बाहेर आली तेव्हा मी दारातच उभा.

"काय म्हणाली?"

"काही नाही. दमलीय."

"दमलेल्याला नळ लागत नाही."

ती टॉवेलला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते. मी पिच्छा सोडला नाही. पालेभाजी-बटाटा ताटात गार होईपर्यंत सोडला नाही. शेवटी तिनं सांगितलं. ड्युटी संपवून घरी जाताना तू सिग्नलला थांबतेस, आणि तो लाल दिवा हिरवा होऊच नये असं तुला वाटतं. एकदा मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या आणि तू तशीच बसून राहिलीस.

"मी हे तुला सांगितलं, ते तिला कळू देऊ नकोस," आई म्हणाली. आता तुला कळलंच. लपवाछपवी मला जमत नाही.

विंके, दिवसभर लोकांना भूल देऊन त्यांचा श्वास बघत बसणाऱ्या माणसाच्या श्वासाकडे कोणीतरी बघायला हवं. आपल्या पाण्यात उतरलं की पहिल्यांदा श्वास अडकतो, मग आपसूक खोल जातो. मी हे स्वतःवर करून पाहिलंय, पुस्तकातून उतरवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मला झाग्रेबला काम आहे. एका मोटरीचा सुटा भाग आणायचाय. तुला त्रास देणार नाही.

ताता


बसमध्ये, ३० जानेवारी

विंके,

अक्षर हलेल, रस्ता बोगद्यांचा आहे.

सुटा भाग वगैरे काही नव्हता. येताना माझ्या मांडीवर प्रशूत होता, तुझ्या मामाकडचा, डुकराची आख्खी तंगडी, दोन हिवाळे वाळलेली. डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे तुला काय सांगायचं. तुलाही पेशंट अंडी आणून देतात. मी तुमच्या मुख्य डॉक्टरांना, ग्रेगुरिचबाईंना भेटून आलो. तुला आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून सांगितलं नाही.

बाईंना वाटलं, मी कुणा पेशंटचा नातेवाईक आहे.

"ऑपरेशन कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही. मी विंकाचा बाप."

त्यांनी तंगडीकडे पाहिलं. "आणि हे?"

"घरचं आहे. धूर दिलाय, पण बेतानं."

"ते बाहेर ठेवा हो, नाहीतर उद्या माझीच चौकशी लागेल." पण हसल्या. बाई बऱ्या आहेत. पायात धावण्याचे बूट होते, पण टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. मी तसं सांगितलं. त्यांनी टेबलाखाली पाय ओढून घेतले.

मी त्यांना मुद्दा नीट समजावला. आपला खेळ समजावला, कारण बाई तिकडच्या, समुद्रापासून लांबच्या. जिंकणं नाही, हरणं नाही, गुण नाहीत, पाच जणांनी मिळून चेंडू पाण्याला लागू द्यायचा नाही, एवढंच. तुला आठवड्यातल्या दोन सकाळी मोकळ्या द्या, म्हणालो. समुद्र नसला तर नसू दे, ती पळेल.

"दोन सकाळी सगळ्यांनाच हव्यात," बाई म्हणाल्या. "मलाही हव्यात. माझी निम्मी माणसं जर्मनीत आहेत."

"इस्पितळात व्यायामाची खोली आहे असं वाचलं मी."

"आहे ना. तळघरात. उद्घाटनाला मंत्री आले होते. किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि तो चारला घरी जातो."

बाई उठायला लागल्या. हातचं जातंय असं दिसलं तेव्हा मी लाल दिव्याचं सांगितलं.

त्या परत बसल्या. पेन खाली ठेवलं. "तिचे शब्द काय होते? अगदी जसेच्या तसे सांगा." तपशिलात मी चुकत नाही, जसेच्या तसे सांगितले, भोंग्यांसकट. बाईंनी उठून दार लावलं आणि आणखी बरंच विचारलं. निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत."

तेव्हा काम झालं असं समज. प्रशूत त्यांनी घेतला नाहीच. तो मी तुमच्या थिएटरबाहेरच्या नर्सबाईंना दिला, त्यांनी घेतला. विंकाकडून, असं म्हणालो.

मोकळ्या सकाळी मिळाल्या की पहिल्या दिवशी फार पळू नकोस. टाच आधी टेकवायची नाही.

ताता


स्प्लिट, ८ फेब्रुवारी

विंके,

तुझा फोन आला तेव्हा मी एका मोटरीचा पंखा काढत होतो. हात तेलाचे होते तरी उचलला. तुझं नाव बघून मला आनंद झाला होता, एवढं तुला माहीत असू दे.

आपण काय बोललो ते मी लिहून काढतो, कारण माझ्या डोक्यात ते दर वेळी थोडं बदलतं.

"ताता, तू त्यांना काय सांगितलंस?"

"जे आहे ते."

"तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. पत्रात लिहिलंय मी." म्हणजे मागची दोन्ही पत्रं तू उघडलीच नव्हतीस.

"मला थिएटरमधून काढलंय. तपासणी समितीपुढे जायचंय. तोवर घरी बसायचं. नर्सबाई विचारतायत, प्रशूत छान होता, कुठल्या गावचा. सगळ्यांना माहीत झालंय, ताता. फरशी पुसणारासुद्धा माझ्याशी हळू आवाजात बोलतो."

"पण विश्रांती मिळाली ना—"

"मी ते आईला सांगितलं होतं. ते सांगितलं त्या दिवशी मला झोप लागली होती. कितीतरी दिवसांनी. आता मी ते कुणाला सांगू?"

मग फोन बंद. तेव्हापासून तू आईचाही उचलत नाहीस. ती तुझ्या खोलीत झोपते. माझ्याशी फक्त वस्तूंबद्दल बोलते. ब्रेड संपलाय. नळ गळतोय. काल तिनं तुझा नंबर लावला, घंटा पूर्ण वाजू दिली आणि फोन भाजीच्या टोपलीत ठेवून बेकरीत निघून गेली. मी तो टोपलीतून काढला आणि मीही लावून पाहिला, तिच्या फोनवरून. तिच्या नावावर तरी उचलशील असं वाटलं.

मी सांगितलं नसतं, आणि एखाद्या दिवशी दिवा हिरवा झाला असता आणि तू हललीच नसतीस, तर? हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, "नळ गळतोय."

चुकलो असं माझ्या तोंडून निघत नाही. बरोबर केलं असंही निघत नाही. अशा जागी मी आजवर उभा राहिलेलो नाही. मोटर चालू होते किंवा होत नाही. होत नसली तर कुठेतरी कारण असतं आणि ते हाताला लागतं. मी पुस्तकं काढून बसलोय, पण त्यांत सगळीकडे पेशंट आहेत, पेशंटचा बाप कुठे नाही.

या पत्रात सूचना नाहीत. फक्त वेळेवर जेव. आणि जेवल्यावर थोडं चाल.

ताता


स्प्लिट, २५ फेब्रुवारी

विंके,

दुन्याशी बोलणं झालं. तिच्यावर रागावू नकोस. घर तुम्ही दोघींनी मिळून भाड्यानं घेतलंय म्हणून मीच तिला सारखा फोन करत होतो. शेवटी कंटाळून तिनं उचलला.

"जिवंत आहे, जाकशाकाका. तुम्ही विचारायच्या आधी तेवढं सांगते."

"जेवते?"

"मी केलं तर."

"बाहेर पडते?"

"पळायचे बूट दाराशी आणून ठेवलेत. सकाळी घालते. लेस बांधते. खुर्चीवर बसते. मग लेस सोडते."

"मी येतो."

"नका येऊ. तुमचं पत्र आलं तरी ती खोलीचं दार लावून घेते."

"वाचते का?"

"ते मला माहीत नाही. फेकत नाही."

ती म्हणाली, तू डॉक्टरांकडे जातेस, तीच नेते. तिथं थोडंथोडं बोलायला लागलीयस. गोळ्या घेतेस. समितीनं वाईट काही लिहिलेलं नाही, पण तुला ते वाचायचंच नाही. मी म्हणालो, दुन्या, मी काय करू ते सांग, नेमकं सांग, मी करीन. ती म्हणाली, "मला नाही माहीत, काका. मीपण रेसिडेंटच आहे. मलाही कोणी सांगितलं तर हवंय."

मी तिला विचारायला हवं होतं, तू कशी आहेस म्हणून. फोन ठेवल्यावर सुचलं.

आज खेळायला गेलो. त्यांनी पाचवा आणला होता, औषधाच्या दुकानातला तो ढेरपोट्या, तुझ्या जागेवर. मी त्याला म्हणालो, तिथून हल.

"जाकशा," शिमे बार्बा म्हणाला, "ती जागा पाण्यातली आहे. तुझ्या नावावर नाही."

"ती माझ्या पोरीची आहे."

"मग पोरीला आण. नाहीतर चेंडू टाक, पाय गोठले."

मी चेंडू टाकला. औषधवाल्यानं परतवला, बरा परतवला, मनगट सैल होतं. मी बाहेर आलो आणि कपडे घातले. ते चौघंच खेळत राहिले आणि चेंडू आता माझ्या जागेवर पडायला लागला.

बुटांचं मी दिवसभर डोक्यात घोळवतोय. लेस बांधायला बोटांचे किती बारीक स्नायू लागतात ते मी तुला लिहिणार होतो, म्हणजे तेवढा व्यायाम तर होतोच, असं काहीतरी. लिहिलं आणि खोडलं.

ताता


घरी, १५ मार्च

विंके,

तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी स्वयंपाकघरातून लिहितोय. आईला हे वेडेपणाचं वाटेल. पण समोरासमोर मी बोलायला लागलो की त्याच्या सूचना होतात, हे मला या दोन महिन्यांत कळलंय. कागदावर निदान खोडता येतं.

तू येणार हे तू आईला कळवलंस. बसस्थानकात तिनं मला खांबामागे उभं केलं होतं, "तिनं बघितलंच तर पुढे ये, नाहीतर इथंच." तू बघितलंस. "बॅग जड आहे," म्हणालीस. मी उचलली. त्यानंतर आपण बोललेलो नाही आणि माझी तक्रार नाही.

चालताना मी मागे होतो. तुझी चाल मी पाहिली. काही म्हणत नाही.

तू झोपलीस त्या दुपारी शिमे बार्बा आला होता. जिन्यातूनच ओरडला, "ऊन पडलंय, आण तिला खाली. खेळू नको म्हणावं, नुसती पाण्यात उभी राहू दे."

"झोपलीय."

"भर दुपारी?"

"हो."

मला वाटलं, आता काहीतरी खोचक बोलेल. त्यानं दाराकडे पाहिलं. "मग आपण हळू बोलू," म्हणाला, आणि त्याहून हळू काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. जाताना त्यानं चपला हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरला, तो सत्तरीचा माणूस, गार दगडावरून.

मी या आठवड्यात खेळायला गेलेलो नाही. औषधवाला दोन्ही जागा सांभाळतोय म्हणे. इथं खाली कोणी बेल दाबू नये म्हणून मी जिन्यात बसतो. दुसरं काही करता येण्यासारखं मला सापडलेलं नाही. तू रडतेस तेव्हा भिंतीतून ऐकू येतं. मी उठतो, दारापर्यंत येतो आणि परत जातो. आई आत जाते. ती आत काय करते ते मी विचारलं. "काही नाही," म्हणाली. "बसते." इतकी वर्षं मी तिच्याबरोबर राहिलो आणि हे मला तिच्याकडून शिकता आलं नाही.

ग्रेगुरिचबाईंनी तुझी जागा राखून ठेवलीय असं दुन्या म्हणाली. तू परत जाशील की नाही, हे मी विचारणार नाही. आईलाही विचारायला लावणार नाही.

काल आईनं धुण्यासाठी तुझी बॅग रिकामी केली. तुझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात चेंडू होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि मी जवळ नेऊन पाहिला. पाण्याचा डाग नाही, म्हणजे भिजलेला नाही. भिंतीचा चुना नाही, म्हणजे भिंतीवरही मारलेला नाही. हवा पार गेलीय. एका बाजूला अंगठ्याएवढा खोलगट झालाय आणि समोर चार बोटांच्या जागा गुळगुळीत झाल्यात. मी माझा अंगठा तिथं ठेवून पाहिला. बसला नाही, तुझा लहान आहे.

"ड्युटीभर खिशात हात घालून धरून असायची म्हणे," आई म्हणाली. "कुणाच्या घरच्यांना बाहेर जाऊन पेशंट गेल्याचं सांगायचं असलं, तर तेव्हाही."

तो चेंडू आता खेळायच्या कामाचा राहिलेला नाही. मी तो पुसून तुझ्या कोटाच्या खिशात परत ठेवलाय. कोट धुवायला दिलेला नाही.

कॉफी भांड्यात आहे, वर बशी झाकलीय. खिडकी उघ

नाही. राहू दे.

सकाळी मी नवा एक सोलला. कॉफीच्या भांड्याशेजारी आहे. हा पाण्यासाठी नाही. कसा धरायचा ते लिहिलेलं नाही.

ताता